हजेरीला साहेब काय विचारतात: केबल चोरीच्या एका केसमधलं पोलिसांचं आणि प्रोबेशनचं काम

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला विचारा चोरी म्हणजे काय, तो सोन्याचं नाव घेणार नाही, केबलचं घेईल. नदीवर मोटारी बसवलेल्या, तिथनं वर उसापर्यंत पाणी न्यायचं, केबल रात्रभर उघड्यावर पडलेली, कोणतरी येऊन कापतो, ओढ्यात नेऊन वरचं आवरण जाळतो आणि आतलं तांबं किलोवर विकून मोकळा होतो. चोराच्या हातात त्यातनं फार काही पडत नाही. शेतकऱ्याला मात्र केबलचे पैसे वेगळे, वायरमन वेगळा, त्यात करंटची पाळी चुकली तर ऐन उन्हाळ्यात ऊस वाळतो आणि पुढं कारखान्याच्या काट्यावर ते दिसतंच. अशा केसमधे गाव एवढं का पेटतं हे आधी समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर खालचं सगळं वाचून कुणाला वाटेल की "पोरं आहेत, सोडून द्या" असं मी म्हणतेय. तसं अजिबात म्हणत नाहीये.

मी बेळगावात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते, आमची पोरं फील्डवर्कला प्रोबेशन ऑफिसरांच्या हाताखाली जातात (प्रोबेशन म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर, देखरेखीखाली बाहेर ठेवणं), तिथनं हे प्रकरण जवळनं बघायला मिळालं. गाव, स्टेशन, माणसं, कुणाचंच नाव देत नाही. एकतर यात एक पोरगा १८ च्या आतला आहे आणि बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं त्याची ओळख उघड करायला बंदी आहे. दुसरं म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातल्या कलम ७ नं गोपनीय असतो, त्यातलं एक अक्षर इथं नाही. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत.

झालं असं. एका रात्रीत चार शेतकऱ्यांच्या मोटारींची केबल गेली, तिसऱ्या दिवशी तीन पोरं सापडली. थोरला २३ वर्षांचा, त्याच्यावर आधीची एक शिक्षा. मधला २० चा, बारावी नापास, कधी उसाच्या ट्रॅक्टरवर, कधी गवंड्याच्या हाताखाली. धाकटा १७ चा. तिघांची घरं एकाच गल्लीत. केस नव्या भारतीय न्याय संहितेखालची (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली), म्हणजे १ जुलै २०२४ नंतरची, कलम ३०३(२), साधी चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिल्यांदाच सापडलेल्याला, माल ५००० रुपयांच्या आतला असेल आणि तो परत केला तर, समाजसेवेची शिक्षा द्यायची तरतूद याच कलमात आहे, पण इथं चौघांचं नुकसान त्याच्या बरंच वर होतं त्यामुळं ती वाट बंद.

पहिल्या रात्रीचं आधी सांगते. स्टेशनबाहेर पन्नासेक माणसं जमलेली, सगळ्यांचं एकच, "सायेब, आमच्या ताब्यात द्या नाहीतर तुम्ही दोन फटके द्या." स्टेशनमधल्या तरुण पीएसआयला गर्दी बघून घाम फुटलेला, आणि तिघंही पोरं एकाच खोलीत एकाच बाकड्यावर बसवलेली. सर्कलचे सीपीआय, म्हणजे स्टेशनच्या वरचे इन्स्पेक्टर, आले ते विजापूरकडचे, मराठी तोडकं मोडकं. आल्या आल्या त्यांनी धाकट्याला वेगळं काढलं. कायदा तेच सांगतो, अल्पवयीनाला लॉकअपमधे ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, २४ तासांत बालन्याय मंडळासमोर उभं करायचं, आई-बापाला कळवायचं आणि प्रोबेशन ऑफिसरलाही कळवायचं. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी दोन-चार दिवसांनी एका पत्रानं होतं. यांनी रात्रीच फोन लावला. मग बाहेर जाऊन गर्दीला स्वतः सांगितलं, मारहाण होणार नाही, माल शोधतो, तुमचे जबाब उद्या सकाळी मी स्वतः घेतो. शिव्या त्यांनी खाल्ल्या. पीएसआयला पुढं केलं नाही. मला या केसमधली ही पहिली चांगली गोष्ट वाटते, कारण खालच्या अधिकाऱ्यानं कायद्याप्रमाणं वागायचं आणि गावाच्या शिव्याही त्यानंच खायच्या असं असेल तर तो पुढच्या वेळी कायदा बाजूला ठेवणार आणि दोन फटके देऊन गर्दी पांगवणार, हे काय सांगायला पाहिजे असं नाही.

धाकट्याच्या आईचं एक. बाई विडी कामगार, मराठीशिवाय काही येत नाही, आणि कागद सगळे कन्नडमधे, ते तसेच असणार कारण स्टेशनचं कामकाज कन्नडमधे चालतं. अंगठा दे म्हणलं तर बाई अंगठाच देईना. "काय लिहिलंय ते कळल्याबिगर न्हाई" म्हणून बसून राहिली. तिथं एक जुने हवालदार आहेत, इथलेच, दोन्ही भाषा घरच्यासारख्या. सीपीआयनी त्यांना सांगितलं, अख्खा कागद मावशींना मराठीत वाचून दाखवा, आणि खाली तुम्ही वाचून दाखवला म्हणून तुमची सही करा. सही करायची म्हणल्यावर हवालदारांनी घाई केली नाही, सावकाश वाचलं, बाईनं दोन ठिकाणी थांबवून दुरुस्ती सांगितली, ती झाली, मग अंगठा. पुढं त्या स्टेशनात मराठी माणसाच्या प्रत्येक जबाबाखाली अशी वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यायची पद्धत पडली. आपल्याकडं भाषेवरनं किती रामायण होतं ते वेगळं सांगायला नको. राज्यघटनेच्या कलम ३५० नं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क माणसाला आहे, पण तो हक्क खरा कधी होतो तर कुणीतरी अधिकारी अशी जबाबदारी एका ठराविक माणसावर टाकतो तेव्हा.

आता मधल्याचं वय. या भागावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. प्रोबेशन कायद्याचं कलम ६ म्हणतं की २१ च्या आतल्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टानं सहसा तुरुंगात धाडायचं नाही, आधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवायचा आणि तरीही धाडायचंच असेल तर कारणं लिहून ठेवायची. पण २१ च्या आत म्हणजे कधी? गुन्ह्याच्या दिवशी नाही. रामजी मिसर खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की शिक्षा ठरवायच्या दिवशीचं वय धरायचं. बालन्याय कायद्यात उलटं, तिथं गुन्ह्याच्या दिवशीचं वय. म्हणजे धाकट्याच्या केसला उशीर झाला तरी तो अल्पवयीनच राहणार, पण मधल्याला ऑगस्टमधे २१ पूर्ण होणार होती आणि चार्जशीट रखडली की कलम ६ चं संरक्षण गेलं. मग राहतं त्याच प्रोबेशन कायद्याचं कलम ४, बॉण्डवर सोडायचं, ते सर्वस्वी कोर्टाच्या मर्जीवर. पोलिसाचा आळस एखाद्याची दोन वर्षं खाऊ शकतो तो असा, आणि त्याची नोंद कुठंच होत नाही.

ही तारीख प्रोबेशनच्या मॅडमनी सीपीआयना सांगितली. ते आधी म्हणले की चार्जशीट कधी द्यायची ते मी आरोपीच्या वाढदिवसावरनं ठरवू काय. मॅडम म्हणल्या, सर, तुमच्याकडं मुद्देमाल आहे, पंच आहेत, पोरं कबूल आहेत, थांबायचं कारण काय ते सांगा. कारण नव्हतंच. उशीर सवयीनं होत होता. ते त्यांनी मान्य केलं, स्वतःच्या डायरीत तारीख घातली आणि चार्जशीट वेळेत गेली.

यापुढचं मात्र रोजचं काम आहे आणि खरी परीक्षा तिथंच असते. जूनच्या शेवटी मधल्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला, रिपोर्ट मागवला गेला, जुलैत कलम ४ खाली चांगल्या वागणुकीचा बॉण्ड, म्हणजे लेखी हमी, झाला आणि त्याला जोडून प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीचा हुकूम. बॉण्ड तीन वर्षांपर्यंत असू शकतो, देखरेख निदान एक वर्ष असावी लागते. कलम ५ खाली शेतकऱ्यांना भरपाई. थोरल्याला आधीच्या शिक्षेमुळं कैद झाली. धाकट्याला मंडळानं समुपदेशन आणि आईच्या हवाली करून देखरेख असा हुकूम दिला.

तर हजेरी. सकाळी स्टेशनच्या आवारात बीटचे, म्हणजे ठरवून दिलेल्या भागाचे, कॉन्स्टेबल रांगेत उभे, हातात वही, आणि साहेब विचारतात, वॉरंट किती बजावली, पेटी (किरकोळ) केस किती केल्या, हेल्मेटचा दंड किती, चोरीचा माल किती परत मिळाला. जे विचारलं जातं ते काम होतं, बाकीचं राहतं. कॉन्स्टेबल माणूसच आहे, दिवसाला चोवीस तासच असतात, त्यातनं तो उद्या सकाळी ज्याचं उत्तर द्यायचंय तेवढंच करणार. या सीपीआयनी यादीत एक प्रश्न वाढवला. तुमच्या बीटवर प्रोबेशनवर कोण आहे आणि तो या आठवड्यात कामावर गेला काय?

पहिले काही आठवडे लई छान उत्तरं आली. "भेट दिली, घरी हजर, वागणूक ठीक." सगळ्यांचं सारखंच, एकाच पेनानं लिहिल्यासारखं. मग एकदा त्यांनी मधल्याच्या बीटवाल्याला विचारलं, तो कुठं कामाला जातो? एमआयडीसीत सर. कुठल्या खात्यात? गप्प. त्याचा सुपरवायझर कोण? गप्प. किती वाजता सुटतो? गप्प. सगळी रांग गप्प. दुसरा कुणी असता तर तिथंच मेमो दिला असता. यांनी वही मिटली आणि म्हणले, संध्याकाळी मी येतो तुमच्याबरोबर, साध्या कपड्यात. गेले, दहा मिनिटं पोराच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, आले. त्यानंतर त्या वहीतली वाक्यं बदलली, "नाईट शिफ्ट लागली, आई म्हणते झोप नाही", "भरपाईचा हप्ता या महिन्यात नाही, पगार उशिरा" असलं येऊ लागलं, आणि अशा वाक्यांवर प्रोबेशन ऑफिसरला पुढं काहीतरी करता येतं. "वागणूक ठीक" वर काय करणार?

मॅडमची बाजू सांगायलाच पाहिजे, कारण नेतृत्व म्हणलं की लोक खांद्यावरच्या चांदण्या मोजतात. या बाईच्या हाताखाली कुणी नाही, गाडी नाही, केसेस ढीगभर, तालुके लांब लांब. प्रोबेशन कायद्याचं कलम १४ त्यांना चौकशी करायला सांगतं, देखरेख करायला सांगतं, लागेल तिथं नोकरी शोधून द्यायला आणि भरपाई भरायला मदत करायलाही सांगतं, पण हे करायला माणूसबळ कुठनं आणायचं ते सांगत नाही. त्यांनी नोकरी शोधली ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, वेल्डिंगला हेल्पर. निपाणीहून कागल जवळ, पण कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. म्हणजे पोरगा झोपतो कर्नाटकात आणि राबतो महाराष्ट्रात. हे चालतं काय असा प्रश्न सरकारी वकिलांनी काढला. कलम ४ मधे अट आहे की आरोपीचं किंवा जामीनदाराचं कायमचं घर किंवा नियमित काम त्या कोर्टाच्या हद्दीत असावं, किंवा बॉण्डच्या काळात तो जिथं राहणार तिथं असावं. घर हद्दीतच होतं, प्रश्न मिटला. तो उद्या कागललाच राहायला गेला असता तर कलम १३ प्रमाणं तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना दुसरा प्रोबेशन ऑफिसर नेमता येतो. ही तरतूद सीमाभागातल्या प्रत्येक प्रोबेशन ऑफिसरच्या तोंडपाठ पाहिजे, आपली निम्मी तरणी पोरं इचलकरंजी, कागल, कोल्हापूर नाहीतर गोव्यातच कामाला आहेत.

मग सीपीआय आणि मॅडम यांचं एकदा चांगलंच वाजलं. सीपीआयचं म्हणणं, बीटवाला कारखान्यात जाऊन बघून येईल. मॅडम म्हणल्या, पोलीस गेटवर गेला की दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, नोकरी गेली की पोरगं परत ओढ्यावर. ते म्हणले, मग मला कसं कळणार. त्या म्हणल्या, मी महिन्याला हजेरीपत्रकाचा फोटो पाठवते, तुम्ही घरी जा, कारखान्यात जायचं नाही. वर्दीतला, वरच्या हुद्द्याचा माणूस दुसऱ्या खात्यातल्या, आपल्यापेक्षा कमी पगाराच्या बाईचं ऐकेल अशी फारशी आशा नसते. यांनी ऐकलं. आणि पुढच्या हजेरीला सगळ्यांसमोर सांगितलं की हा निर्णय मॅडमचा आहे आणि तो पाळायचा. या शेवटच्या वाक्याला मी फार किंमत देते, नुसतं मनात मान्य करून बीटवाल्याला ते कळालं नसतं.

ऑगस्टपर्यंत असं सगळं बरं चाललं आणि मग आला गणपती. गणपतीआधी स्टेशनात प्रतिबंधक याद्या निघतात, म्हणजे सणात गडबड करतील असं वाटणाऱ्यांची नावं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६, १२९ खाली तहसीलदारासमोर बॉण्ड, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं १०७ आणि ११०. कुणीतरी संगणकातनं "चोरी" शोधून नावं काढली, त्यात मधल्याचं आलं. समन्स घरी गेलं, पोरगा घाबरून दोन दिवस कामावर गेला नाही. मॅडमना कळायच्या आत हजेरीला त्या जुन्या हवालदारांनीच हात वर केला, सर, हा आधीच कोर्टाच्या बॉण्डवर आहे, कामावर जातोय, वहीत बघा. वही बघितली आणि तहसीलदारांना तसं लेखी कळवलं. आधीच्या वर्षी हेच हवालदार यादीत नावं वाढवण्यात पुढं असायचे, हे त्यांनीच मला सांगितलं.

ऑक्टोबरात सीपीआयची बदली झाली. प्रकाशसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००६ मधेच सांगितलंय की अशा पदावरच्या अधिकाऱ्याला निदान दोन वर्षं राहू द्या, यांना दोन पूर्ण झाली नव्हती. आणि आपल्याकडं नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे पोलीस जागेवर नसतातच, १ नोव्हेंबरला मराठी माणसांचा काळा दिवस आणि कर्नाटकचा राज्योत्सव एकाच दिवशी, लगेच सुवर्ण विधानसौधला हिवाळी अधिवेशन, ग्रामीण स्टेशनातली माणसंसुद्धा बेळगावला बंदोबस्ताला. वही रिकामी. नेमकं याच काळात मधल्यानं दोन महिने मॅडमकडं तोंड दाखवलं नाही, शिफ्ट बदलली होती आणि रविवारीसुद्धा काम होतं. अट मोडली ती मोडलीच. नवीन आलेल्या अधिकाऱ्यांचं मत पडलं की याची रावडी शीटच, म्हणजे स्टेशनातली गुंडांची नोंद, उघडावी.

मॅडमनी दोन कामं केली आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी त्यांनी स्वतः कोर्टाला कळवलं की अट मोडली, लपवलं नाही. पोलिसांनी आधी कळवलं असतं तर "प्रोबेशनवाले पाठीशी घालतात" हे कायमचं चिकटलं असतं. सोबत हजेरीपत्रक जोडलं, शिफ्टचा बदल दाखवला आणि भेटीची वेळ रात्री आठला करून मागितली. कलम ९ खाली कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिल्यांदाच मोडली असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड करून बॉण्ड तसाच चालू ठेवू शकतं. दंड झाला. मग तो हुकूम घेऊन मॅडम नवीन साहेबांकडं गेल्या आणि भांडल्या नाहीत, फक्त ती जुनी वही मागवली आणि म्हणल्या, सर, हे तुमच्याच माणसांनी लिहिलंय. शीट उघडली नाही. हजेरीचा तो प्रश्न मात्र नवीन साहेब रोज विचारत नाहीत, आठवड्यातनं एकदा विचारतात. तरी विचारतात, कारण वहीत तो रकाना छापलेला आहे. जुन्या साहेबांनी जाण्याआधी तेवढं एक करून ठेवलं.

जमलं नाही तेही लिहिते. चार शेतकऱ्यांना या सगळ्यात कुणी नीट धरलंच नाही. हुकूम झाला, भरपाईचे हप्ते सुरू झाले, पण का झाला, प्रोबेशन म्हणजे निर्दोष नव्हे, हे त्यांना बसवून कुणी सांगितलं नाही. त्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं मला स्पष्ट सांगितलं, "पैसे आले, पण चोर तो चोरच, आमच्या बांधावर दिसला तर तंगडं मोडीन." त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. सीपीआयनी पहिल्या रात्री त्या गर्दीला शब्द दिला होता, दुसऱ्या दिवशी जबाबही घेतले, पण निकालानंतर ते परत गावात गेले नाहीत, आणि जायला पाहिजे होतं. अर्धा तास चावडीवर बसले असते तरी चाललं असतं.

धाकट्याचं बरं चाललंय, आयटीआयला जातो. त्याच्या बाबतीत स्टेशनला एक गोष्ट अजून पाळायची आहे, केस बंद झाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याची नोंद कुणाला द्यायची नाही, हेही कलम ७४ मधेच आहे. तो दाखला मागायला येईल तेव्हा खिडकीत बसलेल्या कॉन्स्टेबलला हे माहीत असेल काय याची मला खात्री वाटत नाही, म्हणून मॅडमनी त्याचं एक पत्र आत्ताच फायलीला लावून ठेवलंय.

आणि तांबं विकत घेणारा. माल नाक्यापलीकडं गेला होता, तिघांनीही जागा दाखवली, चोरीचा माल घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा, त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पलीकडच्या स्टेशनला फोन झाले, एक पत्र गेलं, माणूस जागेवर सापडला नाही असं उत्तर आलं आणि फाईल थंड झाली. पोरांच्या वयाची तारीख ज्या साहेबांनी डायरीत घातली त्यांनी याची नाही घातली, याचा मला राग आहे, कारण घेणारा बसलाय तोवर ओढ्यावर जाळायला नवीन पोरं येत राहणार. तो तरुण पीएसआय अजून त्याच स्टेशनात आहे, त्यानं गेल्या महिन्यात परत पत्र धाडलंय, यावेळी कोल्हापूरच्या एसपी ऑफिसला प्रत देऊन, आणि हजेरीच्या वहीत त्याची तारीख लिहून ठेवलीय.